शोभाताईंचा पदर

मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून सून दिवसातून चार वेळा माझ्या डोळ्यांत औषध घालते आणि बजावते, "आई, पाच मिनिटं डोळे मिटून बसा हं." गार थेंब पडला की मी थेट परळच्या ऑफिसात पोचते.

नोकरीचा पहिला आठवडा होता. जेवणाच्या टेबलावर भोईवाड्याच्या शोभाताई तावातावाने सांगत होत्या, "देव मानतात ते सगळे भित्रे! आमच्या घरात असलं काही नाही." सगळे हसले. मी डबा उघडला. आमच्या ख्रिस्ती घरात प्रार्थनेशिवाय कुणी घास घेत नसे. सवयीने माझे डोळे मिटले, मान खाली गेली.

"काय गं, काय झालं?" शोभाताईंनी विचारलं.

"डोळ्यात काहीतरी गेलं."

त्या हातातला घास ठेवून उठल्या. पदराचा बोळा करून त्यात गरम श्वास सोडला आणि माझ्या डोळ्यावर धरला. पुन्हा श्वास, पुन्हा पदर. दुसऱ्या हाताने माझं डोकं घट्ट धरलेलं. पदराला साबणाचा आणि लसणाच्या फोडणीचा वास होता.

"गेलं का?"

"गेलं."

पुढे निवृत्तीपर्यंत त्या टेबलावर मी डोळे उघडे ठेवूनच जेवले. त्या हसतील, अशी भीती होती. आता वाटतं, हसल्या नसत्या. माझी प्रार्थना होईपर्यंत डबा झाकून थांबल्या असत्या.

आज डोळे मिटायला खरं कारण आहे. पण प्रार्थनेचा पहिला शब्द यायच्या आत तो गरम पदर डोळ्यावर येतो, आणि मला डोकं हलवता येत नाही.