वरच्या मजल्याला स्टार

साकेत नगरातल्या माझ्या घराचा वरचा मजला उन्हाळ्यात तव्यासारखा तापतो. मे आला की भाडेकरू पळतात. गेल्या वर्षीचा गेला तेव्हा पुण्याहून मुलगा म्हणाला, "आई, पुढचा टिकला नाही तर घर विकून टाकू. तू इकडे ये." मुलाचं घर चांगलं आहे, पण तिथे मी पाहुणी. मला जायचं नव्हतं.

मग जवळच्या दवाखान्यातली एक नर्स जागा बघायला आली. नागपूरकडची, कायम रात्रपाळी. "आजी, दिवसा झोप लागेल का इथे? घरमालक सगळेच 'ठंडा है' म्हणतात. फ्रिजवर असतात तसे आता कमी तापणाऱ्या, कमी वीज लागणाऱ्या घरांनाही स्टार देतात. तुमच्याला किती?"

मला हे भारी वाटलं. म्हटलं, थांब, मिळवते.

गच्चीला डिंक घातलेला चुना दोनदा फासून घेतला. पश्चिमेच्या खिडक्यांना बाहेरून बांबूचे पडदे लावले. मग स्टारसाठी अर्ज केला. घर तपासणारा येणार त्या सकाळी मी पंखे, दिवे, फ्रिज, सगळं बंद केलं. मीटर हललाच नाही तर स्टार जास्त, असा माझा हिशेब. तो भिंती मोजता मोजता घामाने निथळला.

"माताजी, पंखा तो चला दीजिए."

"पहले स्टार."

तो हसायलाच लागला. "स्टार घर के हैं माताजी, आपकी कंजूसी के नहीं. मैं छत, दीवार, खिड़की देखता हूँ."

मी पंखा लावला. फ्रिजमधलं दूध तेवढं नासलं.

तीन स्टार मिळाले. चौथीपर्यंत शिकले, पण कुठल्या निकालासाठी एवढी धडधड झाली नव्हती. मी लगेच नर्सला बोलावलं. ती कागद बघून म्हणाली, "ठीक आहे. पण एक दुपार झोपून बघते."

रात्रपाळी करून ती थेट आली आणि वर चटईवर आडवी झाली. मी कुकर लावला नाही. भाजीवाल्याला गल्लीच्या तोंडाशीच गप्प केलं. जिन्याशी कान लावून बसले. दिवेलागणीला ती खाली आली, गालावर चटईचे वळ.

"चहा आहे का, आजी? सामान उद्या आणते."

यंदाचा मे सरला. मुलाला मी सांगून ठेवलंय, दुपारी फोन करत जाऊ नकोस, वर माणूस झोपलेलं असतं.