फ्लॉपीवरचं कुंकू

सुनेनं नव्या लॅपटॉपसमोर कुंकू कालवलं आणि त्या ओल्या वासासरशी मी शिकवायचो ती धुळ्याजवळची शाळा आठवली. तिथल्या कॉम्प्युटरला इंटरनेटसाठी फोनची लाइन नव्हती, म्हणून धुळ्यात तीन दिवस खपून उतरवलेले निकालपत्रकांचे प्रोग्रॅम मी सात फ्लॉप्यांवर नेले होते. संध्याकाळपर्यंत निकालपत्रकं निघाली नाहीत, तर संस्था कॉम्प्युटर परत नेणार होती. मी हात धुऊन आलो, तोवर म्हाताऱ्या शिपाई आबांनी प्रत्येक फ्लॉपीची झडप सरकवून आत कुंकू लावलं होतं. "नवी वस्तू शे, पूजा कराले नको का?" एकही फ्लॉपी चालली नाही. "तुम्हीच वाटोळं केलंत!" मी पोरांसमोर ओरडलो. कॉम्प्युटर गेला. पुढच्या दसऱ्याला आबांनी शाळेच्या घंटेलाही फूल वाहिलं नाही. आता आबा नाहीत. सून विचारतेय, "लावू ना?" आणि मी लॅपटॉपचं झाकण मिटून तिच्यापुढे धरतो.