स्पीकरवरचा रविवार

आई गेली त्याच वर्षी मी शिक्षण संपवून भोपाळला नोकरीला लागलो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला, म्हणून माझा रविवारचा फोन एकट्या बाबांचा कधी नव्हताच. विदर्भातल्या आमच्या गावी बाबा अंगणात खुर्ची टाकत, फोन स्पीकरवर लावत आणि शेजारपाजार गोळा होई. मला फुकट गणित शिकवणारे गुरुजी, आईच्या आजारपणात मला डबा देणारी काकू, कोपऱ्यावरचा न्हावी.

"काय म्हणते भोपाळ?" गुरुजी विचारत.

"मजेत आहे, गुरुजी."

"तिकडे पोह्यासंगं जिलेबी खातात म्हणे! पोट बिघडत नाही का रे बाप्पा?" हा न्हावी.

"कायले बिघडते? इंजिनिअरचं पोट हाये ते," काकू म्हणायची आणि अंगणभर हसू पसरायचं.

या माणसांनी मला उभं केलं. त्यांना कसं सांगणार, की कारखान्यात विभाग बदलल्यापासून सकाळी अयोध्या नगरातल्या खोलीला कुलूप लावलं की ते पुन्हा उघडून आत जाऊन बसावंसं वाटतं? मीटिंगमध्ये साहेबांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं तरी छातीत काहीतरी आवळून येतं? मी त्याला अॅसिडिटी म्हणत होतो. भीती हा शब्द स्वतःपाशीही उच्चारता येत नव्हता. एवढं शिकलेल्या माणसाला कसली भीती?

शेवटी गोळ्यांनी काही होईना, तेव्हा एका डॉक्टरबाईंकडे गेलो. त्यांनी तपासलं, हृदय चांगलं आहे म्हणाल्या आणि मग विचारलं, "घर पे किससे बात करते हो?"

"पिताजी से. हर इतवार."

"ये सब बताया उनको?"

"वहाँ मोहल्ले के सब लोग बैठे रहते हैं."

त्या हसल्या. "तो एक दिन लोगों को उठा दो."

त्या रविवारी मी म्हटलं, "बाबा, जरा स्पीकर बंद करता का?"

"नोकरी गेली का रे?" बाबांनी दबक्या आवाजात विचारलं. नाही म्हटल्यावर ते उठले. चपलांचा आवाज आला, मागचं दार वाजलं. मग मी सगळं सांगितलं.

"मलेही असंच होत होतं," ते म्हणाले. "तुझी आई गेली त्या वर्षी. घरात पाय ठेवला की छाती दाबल्यासारखी व्हायची. म्हणून तर रविवारी सगळ्यांना बोलावू लागलो. तुझा फोन म्हणजे निमित्त."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू तिकडे नवा. आणि एवढ्या लोकांसमोर काय सांगू?"

त्या वर्षीचे फोन मला आठवतात. मी विचारायचो, "वेळेवर जेवता ना?" ते म्हणायचे, "हो." त्या होकाराआधी ते जरा थांबायचे. मला वाटायचं, नेटवर्क कच्चं आहे. मुलाचं कर्तव्य झालं असं समजून मी फोन ठेवायचो.

आता रविवार सगळ्यांचा आणि गुरुवारची संध्याकाळ आम्हा दोघांची. डॉक्टरबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी रोज चालतो. छातीत आवळलं की थांबतो आणि मनाशी म्हणतो, ही भीती आहे, थोड्या वेळात ओसरेल. बहुतेक वेळा ओसरते. बाबा "ठीक आहे" म्हणाले तर मी पुन्हा विचारतो, आणि कधीकधी ते खरं सांगतात, "आज करमत नाही रे." मी फोन धरून बसतो, तेही बसतात.

परवा मी विचारलं, "बाबा, त्या वर्षी दिवसभर एकटे काय करायचात?"

"आता आठवत नाही," ते म्हणाले आणि पाणी आलं का ते बघायला उठले.

त्यांना आठवत होतं, मला आवाजावरून कळलं. पण ज्या वर्षी त्यांना ते सांगायचं होतं, त्या वर्षी मी जेवणाबद्दल विचारून फोन ठेवत होतो. आता ते सांगण्याची त्यांना गरज उरलेली नाही, आणि मला ते कधीच कळणार नाही.