कोपरेबाई आणि अस्वलाचं जेवण

प्राणिसंग्रहालयात हिशेब पाहणाऱ्या बाईंना सगळे कोपरेबाई म्हणत. आडनाव वेगळंच होतं, पण गणिताचा विषय निघाला की बाई ठासून सांगायच्या, "उत्तर कोपऱ्यातच असतं." अटींच्या भिंती उभ्या केल्या की मधे एक खोली तयार होते. तिच्या एका कोपऱ्यातून शेजारच्या, त्याहून बऱ्या कोपऱ्यात सरकत जायचं, आणि पुढे बरा कोपरा उरला नाही की थांबायचं. या पद्धतीवर त्यांचा नवऱ्यापेक्षा जास्त विश्वास होता. नवऱ्याची त्याला हरकत नव्हती.

प्राण्यांच्या स्वयंपाकघरात चिरणाऱ्या दोघीच. सुरी चालवून चालवून त्यांचे हात भरून यायचे. म्हणून बाईंवर काम आलं: प्राण्यांचं पोषण पुरं व्हावं, पण चिराचिरी कमीत कमी. सुरुवात अस्वलापासून.

बाईंनी अटी संगणकात भरल्या. तो कोपऱ्याकोपऱ्यांतून फिरला आणि त्याने उत्तर दिलं: उकडलेली अंडी आणि अख्खे भोपळे. चिरणं शून्य. दोघींनी बाईंना चहा पाजला.

अस्वलाने अंडी खाल्ली. भोपळ्यांवर मात्र ते एकेक करून बसून पाहू लागलं. एक पसंत केला, बाकीचे हौदात ढकलले.

"बाई, त्याला वाटतंय फर्निचर आलंय," अस्वल सांभाळणारे काका म्हणाले.

बाईंनी भोपळ्याला मनाई केली. उत्तर शेजारच्या कोपऱ्यात सरकलं: अख्खं बीट. ते अस्वलाने मिटक्या मारत खाल्लं. मग लालभडक तोंडाने जाळीपाशी उभं राहिलं आणि बघ्यांची पळता भुई थोडी झाली. पहारेकऱ्याने धसक्याने काकांना शोधत सगळं आवार पालथं घातलं. काका झाडाखाली घोरत होते.

बीट बंद झालं. कोबी आला, अस्वल पानं सोलत बसलं आणि आत काहीच निघालं नाही म्हणून रुसलं. बाईंनी सगळ्या अटी एकदम घातल्या: भोपळा नको, बीट नको, कोबी नको, आणि चिरणं अर्ध्या तासाच्या आत. संगणक म्हणाला, शक्य उत्तर नाही. खोलीच उरली नाही, तर कोपरा कुठला? बाईंचं तोंड एवढंसं झालं.

बाई जाळीसमोरच्या बाकावर जाऊन बसल्या. काका शेजारी टेकले.

"बीटच द्या. मी दुपारी जागा राहीन."

"ते तुम्हाला जमायचं नाही, काका."

"तेही खरंच."

समोर अस्वल कुणाच्या तरी सांडलेल्या सरबताचा डाग मन लावून चाटत होतं. बाई बघत राहिल्या. त्याला काय आवडतं, हे गणितात कुठेच नव्हतं.

त्यांनी हिशेबच उलटा केला. अर्ध्या तासाची अट काढली. आता चिरणं कमी नाही, अस्वलाचा आनंद जास्तीत जास्त. उत्तर आलं: मध, अमर्याद.

"अमर्याद म्हणजे किती बरण्या?" प्राण्यांच्या डॉक्टरांनी विचारलं.

"संपतच नाहीत. वरची मर्यादा घालायची राहिली."

डॉक्टरांनी चार चमच्यांची मर्यादा घातली. शेवटी ठरलं ते असं: अंडी, आणि मधात घोळवलेली बारीक चिरलेली गाजरं, सफरचंदं. पोषण पुरं. अस्वलाने परात चाटून पालथी घातली आणि खाली काही चिकटलंय का तेही पाहिलं.

चिरणं मात्र पूर्वीच्या दीडपट झालं. चिरणाऱ्या दोघी बाईंकडे आल्या. एकीने सुरी आणि दुसरीने फळी बाईंसमोर सरकवली. आता रोज सकाळी बाई गाजरं चिरतात. हत्तीचं गणित त्यांनी अजून उघडलेलं नाही.