खसखशीवर आळ

पैलवानाचा सत्कार होता त्या दिवशी सकाळी मी रिक्षाच्या टपावर दोन भोंगे बांधले. पूर्वी त्याच्या कुस्तीसाठी बांधायचो. या वेळी त्याच्यावर सूड घ्यायला बांधले. उगीच गोड बोलायची मला सवय नाही, म्हणून आधीच सांगून टाकतो.

हुबळीत पस्तीस वर्षं मी रिक्षा चालवली. शाळा चौथीपर्यंत, पण आवाज दणदणीत. त्यामुळे जत्रा असो, मीटिंग असो, साड्यांचा सेल असो, पुकारायला लोक मलाच बोलवायचे. मराठीत एकदा आणि कन्नडात एकदा, दोन्ही माझ्याच तोंडून. कुस्तीचं मैदान असलं की मी कुणी सांगायची वाट बघत नव्हतो. पैलवान आमच्या केशवापुराच्या मागच्या तालमीतला. अळणावराकडच्या खेड्यातून आला तेव्हा त्याच्या हाडांवर नुसती कातडी होती. मी पुकारायचो, "आपल्या मातीचा वाघ!" तो वाघ तेव्हा आमच्या सैपाकघरात पाटावर बसून तिसरी भाकरी मागत असायचा.

त्याला खायला घालायची ती माझी बायको. आम्हाला मूलबाळ नाही. ती त्याला अरेतुरे करायची, तो तिला अक्का म्हणायचा. दर पंधरा दिवसांनी ती डिंकाचे लाडू करून तालमीत पाठवायची, गल्लीतल्या पोरांच्या हातावरही एकेक ठेवायची. आमच्याकडची कन्नड माणसं डिंकाच्या लाडवाला अंटिन उंडी म्हणतात. डिंक तुपात फुलवायचा, खारीक कुटायची, खोबरं भाजायचं, गुळाचा पाक करायचा, आणि शेवटी मूठभर खसखस भाजून घालायची. खसखशीशिवाय लाडू म्हणजे तिच्या मते मातीचा गोळा. मी एकदा म्हटलं, "नवऱ्याला दोन आणि त्याला वीस, हा कुठला न्याय?" तर म्हणाली, "तुम्ही कुणाला चितपट करता ते सांगा, मग तुम्हालाही वीस."

पैलवान मोठा झाला. मातीतून मॅटवर गेला. लीगमध्ये एका संघानं त्याला घेतलं, टीव्हीवर रंगीत कपड्यात दिसायला लागला. दोन वर्षांत त्याचे खांदे असे भरले की जुना शर्ट चढेना. मी रिक्षाच्या मागं त्याचा फोटो लावला. तालमीच्या दारात लोकांना सांगायचो, "हे आमच्या घरच्या तुपाचं अंग आहे." आता आठवलं की आपल्याच थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

मग एक दिवस टीव्हीवर बातमी आली. त्याच्या लघवीत औषध सापडलं. अंगात मांस चढवायचं औषध. मी टीव्हीला शिव्या घातल्या. वरच्या लोकांना आपल्या भागातला पैलवान बघवत नाही, म्हणून काड्या केल्या, असं मी रिक्षा स्टँडवर भांडून सांगितलं. एकाची कॉलर धरली. चार दिवसांनी पैलवान स्वतः टीव्हीवर आला. हात जोडून म्हणाला, "मी काही घेतलेलं नाही. तालमीजवळच्या एक बाई घरी केलेले लाडू देत होत्या. त्यात काय होतं मला माहीत नाही."

नाव घेतलं नाही त्यानं. घ्यायची गरजच नव्हती. गल्लीत तालमीला लाडू देणारी बाई एकच.

ती तेव्हा ताटात भाकरी वाढत होती. भाकरी हातात तशीच राहिली. म्हणाली, "अहो, हा माझ्याबद्दल बोलतोय?"

मग दोन माणसं आली. एक त्याचा वकील, एक चौकशीवाला. खुर्चीच्या कडेवर बसली, पाणी प्यायली नाहीत. वकिलानं विचारलं, "लाडवात काय काय घालता?" तिनं एकेक सांगितलं. खसखस म्हटल्याबरोबर त्यानं पेन थांबवलं. "खसखस? अफूच्या बोंडातली?" ती म्हणाली, "दुकानातली हो. सगळेच घालतात." त्यानं लिहून घेतलं, मान डोलावली. डब्यातले चार लाडू प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन गेले. तपासणीत काय निघालं ते सांगायला कुणी परत आलं नाही.

त्या एका मान डोलावण्यानं माझी बायको संपली. आधी ती नुसती रागावली होती. नंतर तिला शंका यायला लागली, आणि ती त्याच्यावर नाही, स्वतःवर. खसखशीची पुडी उन्हात धरून बघायची. "ह्या वेळची जरा काळपट होती का हो?" वाण्याला जाऊन विचारून आली. तो हसला. मी ओरडलो, "अगं, आख्खी हुबळी खसखस खाते, सगळ्यांना काय खांदे फुटले?" तासाभरानं परत तेच. "त्याचं आयुष्य गेलं हो. माझ्या हातून काही झालं असेल तर?"

गल्लीनंही आपलं काम केलं. तोंडावर कुणी काही बोललं नाही. संक्रांतीला तिनं तिळगूळ वाटला, बायकांनी हसून घेतला. दुसऱ्या दिवशी कचऱ्याची गाडी आली तेव्हा मी बाहेर उभा होतो. एका बादलीत तिळाच्या वड्या, दुसऱ्या बादलीतही त्याच. मी तिला सांगितलं नाही. पण तिला कळलं असावं. पुढच्या वर्षी तिनं तिळगूळ केला नाही, विचारलं तर म्हणाली गुडघे दुखतात.

पैलवानाला, सापडला त्या दिवसापासून धरून, चार वर्षांची बंदी झाली. तो पुण्याकडे कुठे जाऊन राहिला. एक फोन केला नाही. फोन केला असता तर मी चार शिव्या दिल्या असत्या आणि ती त्याला "जेवतोस ना नीट?" असं विचारून बसली असती.

बंदीच्या तिसऱ्या वर्षी ती गेली. हृदयाचा त्रास. इस्पितळात नाकाला नळी होती, तरी मला खुणेनं जवळ बोलावून विचारलं, "त्याची बंदी उठली?" मी म्हटलं, "उठेल." मग म्हणाली, "खसखस मी जास्तच घालत होते." हे तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं. एकेचाळीस वर्षांचा संसार आणि शेवटचं वाक्य खसखशीवर. यासाठी मी त्याला माफ करावं, असं ज्यांना वाटतं त्यांनी माझ्या दारात येऊ नये.

खरं काय ते मला कळलं ती गेल्यावर सव्वा वर्षानं. कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात एक बाई बसते, शिकलेली. मी रक्तदाबाच्या गोळ्या घ्यायला गेलो होतो. पैलवानाची बंदी उठणार म्हणून दुकानासमोर बॅनर लागत होता. मी त्याच्याकडे बघून थुंकलो. तिनं कारण विचारलं, मी सांगितलं. ती म्हणाली, "काका, चौकशीचा निकाल मोबाइलवर असतो. बघू का?" बराच वेळ इंग्रजी वाचत बसली. मग मला मराठीत सांगितलं. लाडू तपासले होते. त्यात काहीच सापडलं नाही. सापडलेलं औषध सुईनं टोचून घेतात, ते खसखशीतून येत नाही. खेळाडूचं म्हणणं खोटं आहे, असं स्पष्ट लिहिलं होतं. आणि निकालाची तारीख ऐकून मी तिथल्या स्टुलावर बसलो. निकाल लागला तेव्हा माझी बायको जिवंत होती. पुढे दीड वर्षं जिवंत होती. दीड वर्षं ती खसखशीच्या पुड्या उन्हात धरत होती, आणि पैलवानाच्या खिशात हा कागद होता.

तेव्हाच ठरवलं. ज्या तोंडानं तिचं नाव घाण केलं त्याच तोंडानं साफ करायचं. चार लोकांत.

बंदी उठून तो परत आला म्हणून लोकांनी सत्कार ठेवला, तर त्या दिवशी सकाळी आठला मी रिक्षा बाहेर काढली. मागचा फोटो मी कधीच खरवडून काढला होता. माइक हातात घेतला आणि जुन्याच आवाजात सुरू केलं. "ऐका हो ऐका! आज अकरा वाजता आपल्या पैलवानाचा जाहीर सत्कार आहे. सगळ्यांनी यावं. हार आणावेत. आणि गळ्यात घालताना त्याला एकच विचारावं, लाडवात काय होतं?" मग हेच कन्नडात. केशवापूर फिरलो, देशपांडे नगर फिरलो. आधी लोकांना वाटलं नेहमीचीच जाहिरात आहे. मग हसायला लागले. एका हॉटेलवाल्यानं पुन्हा म्हणायला लावलं. बसच्या खिडकीतून कुणीतरी ओरडलं, "उंडीत काय होतं रे पैलवाना?" मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, फार बरं वाटलं.

साडेनवाला एक पांढरी गाडी माझ्या रिक्षापुढे आडवी आली. पैलवान उतरला. एकटाच. केस पिकायला लागलेत, गुडघ्यात थोडा वाकतो. तो मागच्या सीटवर शिरला तशी रिक्षा एका बाजूला कलली.

"अण्णा, बंद करा."

"कशाला? प्रचार तुझाच चाललाय."

"मी मुद्दाम नाही बोललो. वकिलानं सांगितलं तसं बोललो."

"लाडू वकील खात नव्हता. तू खात होतास."

त्यानं विचारलं, "अक्का कशा आहेत?"

माझ्या हातातला माइक त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. मी म्हटलं, "गेली. दीड वर्ष झालं. जाईपर्यंत म्हणत होती, माझ्यामुळे त्याचं आयुष्य गेलं. निकालाचा कागद तुझ्याकडे होता. सांगितलं नाहीस."

"लाज वाटली, अण्णा."

"तुझी लाज तुझ्यापाशी ठेव. तिला काय त्याचं लोणचं घालायचं होतं?"

त्यानं तोंड हातात धरलं. रडला असेल, मी बघितलं नाही, आरशातून सुद्धा नाही. माइक मागं केला. "बोल."

"इथं? रस्त्यात?"

"टीव्हीवर बोललास तेव्हा आख्खा देश होता. इथं तर फळाचा गाडा आणि दहा माणसं आहेत. बोल."

"एकदाच बोलीन."

"बोल."

भोंग्यातून त्याचा आवाज आला. घोगरा. "अक्कांच्या लाडवात काही नव्हतं. औषध मी घेतलं होतं. सुईनं. आळ मी अक्कांवर टाकला. मी खोटं बोललो." फळवाली बाई मोसंबी हातात धरून उभी राहिली. पैलवानानं माइक सीटवर ठेवला, माझ्या पाया पडायला वाकला. मी पाय मागं घेतला. त्याला जे माहीत नव्हतं ते हे, की माझ्या भोंग्याच्या मशीनवर बोललेलं सगळं भरून ठेवता येतं. जाहिरातीसाठी असतं ते. बटण मी आधीच दाबलेलं होतं.

अकराला मी सभागृहाबाहेर रिक्षा लावली आणि त्याचा आवाज चालू केला. मला वाटलं होतं, लोक हार फेकून देतील. कसले काय. दोन-चार जण थांबले, बाकीचे ढोल वाजवत आत गेले. पैलवानाच्या फोटोचा बनियन घातलेला एक जाडा माणूस रिक्षाशी आला आणि समजुतीच्या सुरात म्हणाला, "बिड्री अज्जा, एल्लारू तगोतार." म्हणजे सोडा आजोबा, सगळेच घेतात.

मी त्याला विचारलं, "मग तू टाळ्या कुणासाठी वाजवतोस?"

"जिंकतो ना तो," म्हणाला, आणि आत गेला.

त्याचा मला राग आला नाही. तो मीच होतो, दहा वर्षांपूर्वीचा, थोडा जाड. मीसुद्धा खांदे बघितले होते, शर्ट चढेनासा झालेला बघितला होता. मला विचारायचंच नव्हतं. आता माझा घसा ज्या ज्या कुस्तीला बसला होता त्यातली कुठली त्याची आणि कुठली सुईची, हे मला कोण सांगणार? तेवढी वर्षं माझी गेली, ती कुणी परत देणार नाही. मी भोंगा बंद केला. आतल्या टाळ्या ऐकू येत होत्या. सूड तिथं घ्यायचा नव्हता, हे तेव्हा लक्षात आलं. तिला टाळ्या वाजवणाऱ्यांनी मारलं नव्हतं.

मी रिक्षा वळवली आणि आमच्या गल्लीत आलो. दुपारची वेळ, बायका जेवणं उरकून दारात बसायची वेळ. गल्लीच्या तोंडाशी पहिलं घर. रिक्षा थांबवली, आवाज पूर्ण वाढवला, बटण दाबलं. "अक्कांच्या लाडवात काही नव्हतं..." संपलं की पुढचं घर. दारं उघडली. काही अर्धी मिटली. एका म्हातारीनं पदर तोंडाला लावला. मी कुणाकडे बघून हसलो नाही, नमस्कार केला नाही. प्रत्येक दारासमोर एकदा, कुणालाही सूट नाही.

सहाव्या घरातली बाई पायरीवर येऊन उभी राहिली. हात पुसत म्हणाली, "कळलं, अण्णा. ऐकलं आम्ही. आता पुरे करा. आम्हाला तरी काय माहीत होतं?"

"लाडू तुमच्या पोरांनी दहा वर्षं खाल्ले होते," मी म्हटलं. "तेवढं माहीत होतं."

ती आत जायला वळली.

"थांबा," मी म्हटलं. "अजून संपलं नाही."

ती थांबली. मी परत पहिल्यापासून लावलं.