चारशेची बैठक

माझं लग्न जमावं म्हणून आमच्या भोसरीच्या घरात सोफा आला. मुलगा पिंपरीच्या नव्या कारखान्यात कारकून होता, राहायला पुण्यात पेठेत. स्थळ माझ्या मामानं आणलेलं. त्यानंच आबांना, म्हणजे माझ्या वडलांना, बजावलं, "ती माणसं खुर्चीवर बसत्यात. घोंगडीवर बसवलंत तर पोरगी न बघताच माघारी जातील." मी तेव्हा एकोणीस वर्षांची, म्हणजे आईच्या भाषेत घोडनवरी. आधीची दोन स्थळं हातची गेली होती. आणि हा मुलगा मला फोटोत आवडला होता, आता सांगायला कुणाची भीती आहे! त्यामुळे हे तरी जमावं म्हणून मी मनातल्या मनात देव पाण्यात घालून बसले होते.

माळावरची जमीन कारखान्याला गेल्याचे पैसे आबांकडे होतेच. त्यांनी पुण्याहून एक डेकोरेटर बोलावला. पॅन्ट घातलेला, कानावर पेन्सिल, खिशात घडीची मोजपट्टी. त्यानं ओसरीलगतची खोली डोळे बारीक करून बघितली आणि म्हणाला, "इथं एकदम मॉडर्न बैठक होईल. सोफा, काचेचं शोकेस, पडदे, भिंतीला हिरवा रंग." आमच्या त्या खोलीत तोवर फक्त कांद्याची पोती राहत होती. पोत्यांचं काय करायचं, हे त्यानं काही सांगितलं नाही.

मग पैशाची बोलणी निघाली, आणि इथंच आबांनी माती खाल्ली. त्यांनी जन्मभर व्यवहार केला तो चाकणच्या बैलबाजारात. तिथं भाव तोंडानं बोलत नाहीत. दोघं हातात हात घेतात, वर उपरणं टाकतात आणि खालून बोटं दाबतात. शेकड्यात बोलायचं एवढं आधी ठरलं की चार बोटं म्हणजे चारशे. बघणारे भोवती उभे असतात, पण कुणाला पत्ता लागत नाही. आबांनी डेकोरेटरचा हात धरला, "शेकड्यात हां," म्हणाले आणि उपरणं टाकलं. दारात अर्धी आळी गोळा झाली होती. उपरण्याखाली बराच वेळ काहीतरी चाललं, मग दोघंही हसले, आणि आबांनी त्याला दोनशे रुपये इसार दिला.

सोफ्याचा सांगाडा झाला, एक भिंत हिरवी झाली आणि महाराज गायब! मुलाकडची माणसं यायला दहा-बारा दिवस उरलेले. आईनं अन्नपाणी सोडायचं तेवढं बाकी ठेवलं. मी रोज त्या सांगाड्याकडे बघायची आणि उरलेले दिवस मोजायची. शेवटी मामानं पुण्यातून त्याला शोधून आणलं, तर गडी म्हणतो कसा, "सहाशेचं काम आहे. आणखी दोनशे द्या, मग हात लावतो."

आबा कडाडले, "चारशे ठरलं व्हतं की रं!"

"कधी? तुम्ही तर काहीच बोलला नाहीत. माझा हात धरलात. मला वाटलं, प्रेमानं धरलाय."

आता बोला! चावडीवर पंच बसले. सौदा बघायला अर्धी आळी होती, पण साक्ष द्यायला एक माणूस पुढे येईना. "रुमालाखालचं आमी कसं सांगावं, राव?" त्यांचंही खरंच होतं. कुणाला कळू नये म्हणूनच तर ती रीत. डेकोरेटर पायावर पाय टाकून बसला होता. बायकांच्या घोळक्यातून बघताना त्याचा तो पाय मोडावा असं मला वाटत होतं.

तेवढ्यात आबांचा दोस्त उठला, चाकणचा म्हातारा बैलांचा दलाल. तो भांडला नाही की तंडला नाही. उलट डेकोरेटरच्या शेजारी जाऊन बसला आणि गोड आवाजात म्हणाला, "ह्यांचं मरू द्या. माझ्या मेव्हण्याला चाकणला अशीच बैठक करायची हाय. पैसा रग्गड. शेकड्यात बोला." आणि बोलता बोलता त्याचा हात धरून वर रुमाल टाकला. रुमाल हलला. डेकोरेटरनं नाक मुरडलं. परत हलला. म्हाताऱ्यानं मान हलवली. तिसऱ्यांदा हलला आणि म्हाताऱ्यानं दुसऱ्या हातानं रुमाल फर्रकन ओढला.

डेकोरेटरच्या मुठीत म्हाताऱ्याची पाच बोटं!

"सोडू नगा, असंच धरा!" म्हातारा ओरडला. "म्या तीन दाबली, ह्यो पाचावर अडलाय. ह्याला म्हनं बोटं कळत न्हाईत!"

चावडी हसून हसून लोळली. डेकोरेटरही शेवटी ओशाळं हसला. "आमच्या घरी पण बैल होते, बाबा," म्हाताऱ्याला म्हणाला. शेतकऱ्याचाच पोरगा तो, पॅन्टीत शिरलेला. चारशेवर कबूल झाला आणि आबांनी त्याला काम संपेपर्यंत आमच्याच घरी जेवायला-झोपायला ठेवून घेतलं. पाहुणचार म्हणून नव्हे, पळून जाऊ नये म्हणून.

बैठक झाली. पाहुणे आले, सोफ्यावर बसले. मुलाच्या वडलांनी गादी दाबून बघितली, पडदे बघितले, शोकेस बघितलं. मी आत पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. हुंडा मामानं आधीच पाचशे ठरवून आणला होता. ते गृहस्थ म्हणाले, "पाचशे आम्ही घर बघायच्या आधी म्हटलं होतं. तुमची ऐपत आता डोळ्यांनी बघितली. हजार करा."

आता आबा उसळतील म्हणून मी दाराआड कान देऊन उभी. दोनशेसाठी ज्यांनी चावडी बसवली, ते पाचशेसाठी काय करतील! आणि आबा खाली बघून म्हणाले, "बरं."

पाहुणे गेल्यावर मी रागानं म्हटलं, "आबा, एका शब्दानं तरी न्हाई म्हनायचं व्हतं!"

"बैलाची घासाघीस करत्यात, बाय. लेकीची न्हाई," आबा म्हणाले. "उद्या तुला सासरी म्हनतील, तुज्या बापानं भाव पाडला."

मला रडूच फुटलं. त्या दिवशी मला ते पटलं होतं, पुढं कित्येक महिने पटत राहिलं.

लग्न झालं. पहिल्याच दिवाळीला सासूबाई शेजारणीला सांगत होत्या आणि मी आत करंज्या तळत होते. "हजार म्हटल्याबरोबर कबूल झाले हो हिचे वडील. आमचंच चुकलं, कमी मागितले."