लाल पाईप जोडला अन् ट्रेलर हलला

मित्रांनो, आज दुपारचीच गोष्ट हाय.

चिटगुप्प्याच्या अलीकडं चढावर माझ्या ट्रेलरचा हवेचा लाल पाईप फुटला. हवा गेली की ट्रेलरचे ब्रेक आपोआप धरतेत, तसे धरले. गाडी जागच्या जागी उभी राहिली, म्हणून केबिनमधला हँडब्रेक ओढायचं माझ्या ध्यानातच आलं न्हाई. मागच्या चाकाला दगड तेवढा लावला.

नवा पाईप जोडला. हवा आत गेली अन् ट्रेलरचे ब्रेक सुटले. भरलेली गाडी मागं सरकायली!

दगड अडवंना कामून? वाकून बघितलं, तर शेजारच्या शेतातले एक म्हातारे अप्पा चाकामागं सावलीत, त्याच दगडावर बसून डुलक्या घ्यायलेत.

ओरडून उठवायला वेळच नव्हता. जोडलेला पाईप हिसकून काढला. फुस्स करून हवा गेली, ब्रेक धरले. चाक अप्पांच्या पाठीपासून ईतभर लांब थांबलं.

आधी केबिनमध्ये चढून हँडब्रेक ओढला, मग त्यांच्याकडं पळालो.

"अप्पा, चाकाचा दगड कामून काढलाव?"

"गाडी उभीच हाय की. बसायला घेतलो." माझ्याकडं बघून म्हणले, "लई घाम आलाय तुला. ये, बस हितं सावलीला."

त्यांना काहीच कळलं नव्हतं.

ड्रायव्हर भावांनो, आजवर आपल्या चाकामागं असं किती जण बसून गेले असतील, अन् आपल्यालाही कळलं नसंल?